कानाचा चौकोन

विनिता सामंतच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्रासोबत तिनं स्वतःचा पुण्याचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीटही पाठवलं होतं. ती मला चांगली ओळखते. मी वसईच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो तेव्हा ती खिडकीजवळच्या टेबलाशी शेवटची घंटा होईपर्यंत वाचत बसायची. मी फोन उचलत नाही, मेसेज बघत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून कागदावर पत्र, आणि उत्तराचं निम्मं काम तिनंच करून ठेवलेलं. उरलेलं निम्मं माझ्याच्यानं होत नव्हतं.

विनिता आता संगणक अभियंता आहे आणि पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी मराठीत पुस्तक लिहिते आहे. त्यातलं डिस्कच्या कूटलेखनाचं प्रकरण तिनं मला वाचायला धाडलं होतं. लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला आतलं काही वाचता येऊ नये म्हणून डिस्कवर जाणारा प्रत्येक तुकडा आधी गुप्त लिपीत बदलायचा आणि मग ठेवायचा, इथपर्यंत मला कळलं होतं. पुढे तिचा प्रश्न होता. डिस्कवर लिहायच्या विनंत्या एकमेकींसाठी थांबत नाहीत, वाटेत त्यांचा क्रमही बदलतो, आधीची मागे राहते आणि मागची पुढे जाते. तरीही सगळं गुप्त लिपीत असताना वाचायच्या वेळी गोंधळ का होत नाही? "हे मी लिहिलंय खरं, पण साध्या वाचकाला कळतंय का, एवढंच सांगा सर."

साधा वाचक म्हणजे मी, आणि मला कळत नव्हतं. पण 'कळत नाही' असं लिहायचं तर दोष प्रकरणाचा आहे, आपल्या डोक्याचा नाही, याची खात्री हवी. तशी खात्री मला आजवर कुठल्याच बाबतीत झालेली नाही. मग ते पाकीट मी खूण म्हणून पुस्तकात घालू लागलो. एका पुस्तकातून दुसऱ्यात असं करत त्याचं वर्षभरात बरंच वाचून झालं.

आम्ही राहतो वसईजवळ जूचंद्रला, नव्या इमारतींपैकी एकीत. समोरच मंडळाचं सभागृह आहे. त्याच्या एका टोकाला दोन कपाटं, वर्तमानपत्रांचं टेबल आणि मी, असं वाचनालय आहे. बाकी सगळं सभागृह रांगोळीचं. दिवाळीत तिथं प्रदर्शन भरतं, आणि भिंतीएवढाल्या चेहऱ्यांच्या रांगोळ्या बघायला लांबून माणसं येतात.

या सभागृहाची किल्ली रंभाबाई भोईरांच्या कमरेला असते. गावात ज्याला म्हणून चिमटीत रांगोळी धरता येते त्याची चिमूट त्यांनी धरून वळवलेली आहे. सकाळी त्या स्वतः झाडू मारतात. संध्याकाळी पाठीमागे हात बांधून रांगोळी काढणाऱ्यांमधून फिरतात आणि एकच वाक्य बोलतात, "हात हलका, तोंड बंद." काम पसंत पडलं नाही तर त्या रागवत नाहीत. केरसुणी आणतात. अर्धी झालेली रांगोळी कोपऱ्यात लोटून देतात आणि पुन्हा म्हणतात, "हात हलका, तोंड बंद." मी ग्रंथपाल होतो हे त्यांना माहीत आहे, तरी त्या मला मास्तर म्हणतात. मी कधी दुरुस्त केलं नाही.

गेल्या गणपतीनंतर एका दुपारी तेजस्वी घरत माझ्या टेबलापाशी येऊन बसली. ही रंभाबाईंची सगळ्यात तयार विद्यार्थिनी, दातांच्या दवाखान्यात कामाला असते. तिनं आधी सभागृहात कोणी नाही ना हे पाहिलं. मग म्हणाली, "सर, तुम्ही कोणाशी बोलत नाही, म्हणून तुम्हाला सांगते."

तिला रंभाबाईंचा चेहरा काढायचा होता. मोठा, मधल्या जागेवर. या दिवाळीलाच, कारण गुडघ्यांमुळे पुढच्या वर्षापासून आपण येणार नाही असं रंभाबाईंनी जाहीर केलं होतं, आणि तेजस्वीचं लग्न ठरून ती पेणला जाणार होती. अडचण एकच. या सभागृहात जिवंत माणसाची रांगोळी काढायची नाही, हा रंभाबाईंचा नियम. देव चालतात, थोर माणसं चालतात, गावातली गेलेली माणसं चालतात. तेजस्वीनं एकदा आडून विचारलं, तर उत्तर आलं, "मी मेल्याव काडा. मंग कोन अडवतंय?"

"मेल्यावर काढली तर चुका कोण सांगणार, सर?" तेजस्वी मला म्हणाली. "आतापर्यंत माझ्या एकाही रांगोळीला बाय 'बरी आहे' म्हणाली नाही. तिचीच काढायची आणि तिनंच चुका काढायच्या. पूर्ण व्हायच्या आत तिला कळलं तर केरसुणी."

मी काय करू शकतो, असं मी विचारलं. ते मी नकार म्हणून विचारलं होतं, पण तिनं ते होकार म्हणून घेतलं.

इतक्या मोठ्या चेहऱ्याची तयारी महिनाभर आधी सुरू होते. फोटोचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनाला क्रमांक देतात. त्या चौकोनाची पुन्हा बारीक घरं पाडून कुठल्या घरात कुठली छटा हे स्केचपेननं रंगवतात. तयार झालेला कागद सभागृहातल्या फळ्यावर त्याच्या क्रमांकाच्या जागी टाचणीनं लावतात. शेवटच्या दोन दिवसांत सगळे मिळून जमिनीवर उतरतात, ज्याचा त्याचा चौकोन बघून. त्या दोन दिवसांची सोय तेजस्वीनं केली होती. रंभाबाईंची भुईगावची मैत्रीण पॉलिन त्यांना बोलावून घेणार होती. पण पॉलिनकडे त्या महिनाभर राहणार नव्हत्या, आणि जूचंद्रमध्ये अशी एकही ओटी नाही जिथं रंभाबाई न विचारता येऊन टेकत नाहीत. तेव्हा फळा कोणाच्या घरी लपवूनही उपयोग नव्हता, तो त्यांच्या डोळ्यांसमोरच राहणार होता. त्यांनी रोज बघावा आणि त्यांना काही दिसू नये, अशी युक्ती तेजस्वीला हवी होती. ती पुस्तकात असेल, असा तिचा समज होता.

पुस्तकात होती. गुप्त लिप्यांवरचं एक जुनं पुस्तक कपाटात होतं. त्याच्या पहिल्याच प्रकरणातली युक्ती मी घेतली: प्रत्येक छटेच्या जागी दुसराच रंग. तपकिरीऐवजी हिरवा, काळ्याऐवजी पिवळा, अशी यादी केली. चौकोन तेजस्वी करणार, आणि ते गुप्त रंगात उतरवून फळ्यावर लावायचं काम आम्ही तिघांनी करायचं असं ठरलं. एक मी, दुसरी माझी बायको सुनंदा. तिसरा रांगोळीच्या मुलांमधला कल्पेश, जो गोखिवऱ्याला प्लास्टिकच्या बाटल्यांच्या कारखान्यात आहे आणि चहाच्या सुट्टीत रंगवत बसायचा.

आठवड्याभरात मधले काही चौकोन लागले. एका सकाळी रंभाबाई झाडता झाडता फळ्यासमोर थांबल्या. दोन पावलं मागं गेल्या.

"मास्तर, ही हिरव्या तोंडाची बाई कोन? नाक तं आमच्या घरातलं दिसतंय."

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. कल्पेशनं सांगितलं की ती राक्षसीण आहे. रंभाबाई म्हणाल्या की त्यांच्या नणंदेचं नाक असंच होतं, आणि पुढे झाडू लागल्या.

संध्याकाळी आम्ही लांबून पाहिलं आणि मला माझी चूक दिसली. रंग बदलले होते, पण जिथं जिथं एकच छटा होती तिथं तिथं एकच हिरवा होता. त्यामुळे नाक, हनुवटी, पदराची कड, सगळं जागच्या जागी. आम्ही चेहरा लपवला नव्हता, त्याला नुसती होळी खेळायला लावली होती. कागद उतरवले.

त्याच पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणात साखळीची युक्ती होती. ती मला फार आवडली. कुठल्याही घराचा गुप्त रंग त्याच्या आधीच्या घराच्या गुप्त रंगावरून ठरवायचा, आणि चौकोनाचं पहिलं घर आधीच्या चौकोनाच्या शेवटच्या घराशी जोडायचं. सारखी छटाही मग दर वेळी निराळ्या रंगात निघते. करून बघितलं तर खरोखरच काही ओळखू येईना. रंभाबाई पुन्हा थांबल्या, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "गोधडी बरी हाय. रांगोली कंदी काडनार?" मला इतका आनंद झाला की मी त्यांच्याकडे बघून हसलो. हे मी सहसा करत नाही.

आनंद दोन दिवस टिकला. साखळी करताना मी मनात धरलं होतं की चौकोन एकापाठोपाठ एक तयार होतील, पुस्तकाच्या पानांसारखे. तेजस्वीनं आधी डोळे केले. मग हनुवटी. मग एकदम कपाळ, कारण तिचं मन तिथं लागलं. डोळ्यांचे कागद कल्पेशच्या हातात पडले तर त्यांच्या आधीचे चौकोन अजून झालेच नव्हते. तो गोखिवऱ्याहून सुनंदाला फोन करायचा की तुमचा झाला का. ती म्हणायची माझा यांच्यासाठी अडलाय. आणि मी माझा चौकोन तिसऱ्यांदा तपासत असायचो. कशीबशी साखळी कपाळापासून नाकापर्यंत आली तेव्हा तेजस्वीनं कपाळावरची एक सुरकुती बदलली. एका सुरकुतीपायी तिथून खालचे सगळे कागद फुकट गेले. कल्पेश मला काही बोलला नाही. तो सुनंदाला म्हणाला की काकी, काकांना एखादं पातळ पुस्तक देत जा.

त्या संध्याकाळी सुनंदा भाजी चिरत होती. ती म्हणाली, "तुम्हाला पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची सवय आहे. लोक तसे नसतात. मी शेवट आधी वाचते."

हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. मी विचारलं, मग कथेत मजा काय राहते? ती म्हणाली, शेवट चांगला असेल तरच वाचते, नाहीतर परत ठेवते. आणि ठेवताना कपाटात कुठंही खुपसते, हे मात्र मला माहीत होतं. त्यावरून आमचं जुनं भांडण आहे. मी तिला नेहमीसारखं म्हणालो की प्रत्येक पुस्तकावर क्रमांक असतो. शेजारी कुठलं पुस्तक आहे हे बघायची गरजच नाही, क्रमांक बघावा आणि त्या जागी ठेवावं, मग आधी कुठलं ठेवलं आणि नंतर कुठलं, यानं काहीच...

वाक्य पुरं न करता मी उठलो. सुनंदानं वर पाहिलं नाही. माझी अर्धी वाक्यं तिला सवयीची आहेत.

चौकोनाला क्रमांक होताच. गुप्त रंग शेजाऱ्यावरून कशाला काढायचा? तो चौकोनाच्या स्वतःच्या क्रमांकावरून काढायचा, आणि जोडीला फक्त आपल्याला माहीत असलेलं एखादं वाक्य, म्हणजे नुसता क्रमांक बघून कोणाला उलगडता येणार नाही. वाक्यातल्या अक्षरांचे आकडे आणि चौकोनाचा क्रमांक यांच्या बेरीज-गुणाकारातून प्रत्येक घराला निराळी सरक, म्हणजे यादीत किती रंग पुढं जायचं तो आकडा, निघायची. कुठलाही चौकोन कोणीही, केव्हाही करावा. एखादा बदलला तर तेवढाच पुन्हा करावा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. वाक्य कोणाच्याही लक्षात राहील असं हवं होतं. तेजस्वीनं सुचवलं, "हात हलका, तोंड बंद." यानंतर रंभाबाई रोज संध्याकाळी आमची गुप्त किल्ली मोठ्यानं म्हणत सभागृहात फिरत राहिल्या.

या शोधानं मी इतका फुगलो की विनितालाच कळवावं असं वाटलं. पाकीट शोधलं, त्याच्यासोबत प्रकरणही सापडलं. त्याच्या दुसऱ्याच पानावर तिनं लिहिलं होतं: डिस्कचे चौकोनासारखे समान भाग असतात, प्रत्येकाला क्रमांक असतो, आणि किल्लीबरोबर तो क्रमांक मिसळून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे कूटात बदलतात. ते पान मी वर्षभरात कितीदा तरी वाचलं होतं. पाकीट पुन्हा पुस्तकात ठेवलं.

काम मात्र सुरू झालं. सुनंदा कुकरच्या शिट्ट्यांमध्ये एक चौकोन संपवायची. कल्पेशचे चहाच्या डागांसकट यायचे. माझे सगळ्यात उशिरा. पण कोणी कोणासाठी थांबत नव्हतं, आणि फळ्यावर प्रत्येक कागद बरोबर आपल्या जागी जाऊन बसत होता. एकच घोळ झाला. कल्पेशनं तेजस्वीला डाव्या गालाचा चौकोन झाला म्हणून सांगितलं. तो झाला होता, पण त्याच्या शर्टाच्या खिशात होता, आणि शर्ट आईनं धुवायला टाकला. डाव्या गालाचा लगदा झाला. तेव्हापासून तेजस्वीनं नियम केला की रंगवून झालं म्हणजे झालं नाही. फळ्यावर टाचणी बसली की मगच 'झालं' म्हणायचं. शिवाय रोज जाताना ती दारात उभी राहून विचारायची, "खिसे रिकामे केले?" आम्ही तिघं खिसे उलटे करून दाखवायचो. रंभाबाईंनी हे एकदा पाहिलं आणि त्यांचा असा समज झाला की मी सभागृहातली स्केचपेनं घरी नेतो.

पॉलिन रंभाबाईंना घेऊन गेली त्या दिवशी सगळी मुलं जमिनीवर उतरली. कोणी हनुवटीपाशी, कोणी पदरापाशी, ज्याच्या त्याच्या हातात कागद. माझं काम रंग उलगडून सांगण्याचं, पण मला कोणी फारसं विचारलं नाही. सगळ्यांना ते वाक्य माझ्यापेक्षा आधीपासून पाठ होतं. तेजस्वी डोळ्यांवर बसली ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चेहरा पुरा झाला. मुलं हळूहळू मागं सरकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. जमिनीवरून रंभाबाई आमच्याकडे बघत होत्या, जशा त्या केरसुणी आणायला जाण्याआधी बघतात तशा.

तेजस्वी शेवटी उभी राहिली, आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, हा कान कोणता आहे?"

मी फळ्यावरचा कागद बघितला. माझा होता. मी अभिमानानं सांगितलं की मी तो तीनदा तपासला आहे.

झालं होतं असं. ज्या फोटोवरून काम चाललं होतं तो कुठल्याशा सत्काराचा होता, आणि स्टुडिओवाल्यानं रंभाबाईंच्या कानाची पाळी सरळ करून ठेवली होती. खरी पाळी उभी फाटलेली आहे. तेजस्वीनं आधी फोटोबरहुकूम कान केला आणि तो मला दिला. दुसऱ्या दिवशी रंभाबाई समोर बसल्या असताना तिच्या ध्यानात आलं. तिनं त्याच चौकोनाचा नवा कागद करून सुनंदाला दिला, आणि जुना टाकून द्या म्हणून मला फोन केला, मग मेसेज केला. सुनंदाचा कागद त्याच संध्याकाळी फळ्यावर लागला. माझं तपासणं मुलं जमिनीवर उतरायच्या आदल्या दिवसापर्यंत चाललं होतं. मग मी सभागृहात गेलो, जागेवर आधीच एक कागद दिसला, तो कोणीतरी घाईत केलेला कच्चा असावा असं मला वाटलं, आणि त्यावर माझा टाचला. दोन्ही कागदांवर क्रमांक तोच, वाक्य तेच, दोन्ही बिनचूक उलगडणारे. कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा हे त्या रंगांवरून देवालाही सांगता आलं नसतं.

तेजस्वी म्हणाली की चूक तिची आहे, माझा कागद लागल्याशिवाय दुसरा पाठवायलाच नको होता. हे तिनं चांगुलपणानं म्हटलं. कल्पेश काही बोलायला लागला होता, पण दारात रिक्षा थांबली. पॉलिन खाली उतरून आम्हाला हातवारे करत होती की हिला यापुढे थोपवणं माझ्याच्यानं होत नाही. मागोमाग रंभाबाई उतरल्या.

त्यांनी दारातूनच पाहिलं.  त्या चपला काढून आत आल्या, गुडघ्यावर हात ठेवत रांगोळीच्या कडेनं पूर्ण फिरल्या, पदरापासून डोक्यापर्यंत. कोणाचा चेहरा आहे, हे विचारलं नाही. तेजस्वीकडेही बघितलं नाही.

"केरसुनी आना," त्या म्हणाल्या.

कोणीच हलेना, तेव्हा त्या स्वतःच कोपऱ्यात गेल्या. तेजस्वीनं डोळे मिटून घेतले. मी त्या दोघींच्या मध्ये उभा होतो, आणि मला वाटतं, मी काहीतरी बोललो. सुनंदा सांगते की मी "बाई, कान माझा आहे" असं म्हणालो. मला आठवत नाही.

रंभाबाईंनी केरसुणीतून एक काडी उपसून घेतली. केरसुणी पुन्हा भिंतीशी उभी केली.

"ह्यो कान माजा नाय," त्या म्हणाल्या. "मास्तरांचा आसंल तं आसंल."

मग त्यांनी तेजस्वीला हात मागितला. तिच्या आधारानं, हळूहळू, त्या कडेला बसल्या. ज्या गुडघ्यांनी पुढच्या वर्षीपासून यायला नकार दिला होता ते वाकवून बसल्या. काडीनं कानाच्या चौकोनातली रांगोळी नुसती कडेला ओढली. शेजारच्या केसांना, गालाला, पदराला धक्कासुद्धा नाही. रिकाम्या जागेवर चिमटीनं नवा कान भरू लागल्या. भरता भरता सांगत होत्या, फारसं कोणाला उद्देशून नाही, की थोरला लेक मांडीवर असताना त्यानं कुडी धरून ओढली आणि पाळी फाटली. तो लेक आता कुवेतला आहे. फोटोवाल्यानं पाळी शिवून दिली ती त्यांना तेव्हाही आवडली नव्हती.

कान पुरा झाला. त्यांनी हात झटकले आणि पहिल्यांदाच तेजस्वीकडे पाहिलं.

"आता दुसरं आईक. डावा डोला बारीक झालाय. कपाल रुंद केलंस. आनि पदर आसा कोन घेतं गो?"

तेजस्वी रडत होती आणि मान हलवत होती. प्रत्येक चुकीला "हो बाय, हो बाय" म्हणत होती. चुकांची यादी बराच वेळ चालली. जिवंत माणसाचा नियम मोडल्याबद्दल एक शब्द निघाला नाही. शेवटी उठताना त्या मला म्हणाल्या की मास्तर, तुमच्या खिशात आजून काय हाय, ते काडा.

खिशात एक स्केचपेन निघालं.

प्रदर्शन संपल्यावर मी विनिताचं प्रकरण पुन्हा काढलं, आणि ज्या परिच्छेदावर वर्षभर अडलो होतो तो सरळ वाचून काढला. त्यात लिहिलं होतं की कूटलेखन क्रम सांभाळत नाही. मी आतापर्यंत समजत होतो की ते सांभाळत असणार, आणि कसं सांभाळतं ते मलाच दिसत नाही.

मग मी उत्तर लिहायला बसलो. पहिला मसुदा फार लांबला. दुसऱ्यात नुसती माफीच झाली. तिसरा सुनंदानं शेवटाकडून वाचला आणि चालेल म्हणाली. त्यातला मुख्य भाग असा होता:

"तुझं प्रकरण बरोबर आहे. इतके दिवस मला का कळलं नाही, यात दोष कोणाचा हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मला एवढंच सुचवायचं आहे की तीन गोष्टी अगदी सुरुवातीला सांग. पहिली, प्रत्येक तुकडा आपल्या क्रमांकावर आणि किल्लीवर उभा असतो, शेजाऱ्यावर नाही, म्हणून वेगवेगळ्या तुकड्यांचा क्रम उलटापालटा झाला तरी बिघडत नाही. दुसरी, तुकडा जागेवर बसल्याशिवाय कोणी 'झालं' म्हणू नये. खिशात ठेवणारे असतातच, म्हणून अधूनमधून खिसे रिकामे करायला सांगावं. तिसरी, एकाच जागी दोनदा लिहायचं असेल तर पहिलं झाल्याचा निरोप आल्याशिवाय दुसरं पाठवू नये. हे पाठवणाऱ्यानं बघायचं असतं, गुप्त लिपी बघत नाही. आमच्याकडे यावरून एका बाईंना माझा कान लागला होता. ते सविस्तर भेटीत सांगेन."

पाकिटावरचं तिकीट वर्षभर पुस्तकांतून फिरून सैल झालं होतं. सुनंदानं ते डिंकानं पुन्हा चिकटवलं. पत्ता मी तपासला. पुन्हा तपासायला चष्मा पुसत होतो तेव्हा तिनं पाकीट माझ्या हातात दिलं आणि मला दाराबाहेर काढलं.

पोस्टाच्या पेटीत पाकीट टाकलं. आत पडल्याचा आवाज झाला. सुनंदाचा फोन आला, आणि तो मी उचलला. टाकलं का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, टाकलं, पण अजून झालं नाही. मग समोरच्या कट्ट्यावर बसून राहिलो, खाकी पिशवी घेऊन माणूस आला, त्यानं पेटी उघडून सगळी पत्रं पिशवीत घेतली आणि पिशवीचं तोंड बांधून तो निघून गेला, तोपर्यंत.